वेडरबर्नसाहेबांचे पेन्शन

मंडळी, सरकारी नोकरीतला एखादा गृहस्थ निवृत्तीचे वय व्हायच्या आतच नोकरी सोडून घरी आला, की गावात दोन तऱ्हेची बोलणी सुरू होतात. पारावर बसलेला एक म्हणतो, "सुटला बिचारा." आणि त्याच पारावरचा दुसरा म्हणतो, "सुटला कसला? हातपाय धड असताना घरी बसून सरकारचा पैसा खाणार. आम्ही मात्र मरेस्तोवर औत धरायचं!" या दुसऱ्याच्या बोलण्यात थोडी असूया आहे हे खरे. पण नुसती असूयाच आहे, असे मला वाटत नाही. पेन्शन म्हणून जो पैसा मिळतो तो कुणाच्या घामाचा, आणि तो घेऊन गेलेला माणूस पुढे काय करतो, असा एक जुना प्रश्न त्यात दडलेला आहे. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी याच प्रश्नावर आपल्याकडे आणि विलायतेत मोठा वाद झाला. त्याची हकीकत आज तुम्हांला सांगायची आहे.

त्या काळी मुलकी खात्यातला गोरा अधिकारी विशी-बाविशीत हिंदुस्थानच्या किनाऱ्याला उतरे. पंचवीस वर्षांची नोकरी, आणि त्यात एकवीस वर्षे प्रत्यक्ष कामाची, एवढे भरले की त्याला वर्षाला एक हजार पौंड पेन्शन बांधून मिळे. म्हणजे सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसाव्या वर्षी साहेब मोकळा! इथल्या उन्हाला आणि तापाला कंटाळलेला तो जीव आगबोटीत बसे आणि उरलेले आयुष्य आपल्या देशात बाग फुलवण्यात घालवी. पेन्शन मात्र हिंदुस्थानच्या तिजोरीतून जाई. त्या तिजोरीत सर्वांत मोठी भर असे ती जमीनमहसुलाची. साहेबाच्या पगारातून पेन्शनसाठी शेकडा चार कापले जात, हेही सांगितले पाहिजे. पण तेवढ्याने हजार पौंडांची भरपाई थोडीच होते!

यात आणखी एक गोम होती. १८७० च्या सुमारास रुपया जवळजवळ दोन शिलिंगांचा होता, तेव्हा हजार पौंड म्हणजे दहा-साडेदहा हजार रुपये. पुढे चांदीचा भाव कोसळला आणि १८९४-९५ च्या सुमारास रुपया सव्वा शिलिंगाच्याही खाली आला. तेव्हा त्याच हजार पौंडांना सोळा हजारांहून अधिक रुपये मोजावे लागू लागले. साहेबाचे पौंड होते तेवढेच राहिले. रयतेचे रुपये तेवढे वाढत गेले.

दादाभाई नौरोजींनी हा हिशेब आयुष्यभर मांडला. हिंदुस्थानातून संपत्तीचा ओघ कसा वाहून जातो, हे ते १८६७ पासून सांगत होते, आणि १९०१ साली त्यांचे सारे विवेचन ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. पण त्यांचा खरा मर्मभेदक मुद्दा पैशाचा नव्हताच. ते म्हणत, हे अधिकारी जाताना नुसते पेन्शन नेत नाहीत, इथे मिळवलेला सारा अनुभव आणि पुढची उपयुक्तताही बरोबर नेतात. ज्याने पंचवीस वर्षे एखादा जिल्हा सांभाळला, तो माणूस म्हातारपणी त्याच मुलखात राहिला तर चार तरुणांना शहाणपण सांगेल. इथे मात्र तो वडीलकीचा ठेवाच परदेशी जातो. गुरुजी, शाळेतल्या मुलांना संपत्तीच्या अपहाराचा धडा शिकवताना हा दुसरा अर्थही त्यांना सांगा. आपल्या पाठ्यपुस्तकांत तो क्वचितच येतो.

(स्वातंत्र्य मिळाले तरी हे खाते लगेच मिटले नाही. गेलेल्या साहेबांच्या पेन्शनांची तजवीज करण्यासाठी १९४८ साली आपल्या सरकारने इंग्लंडमधल्या आपल्या शिलकीतून सुमारे १७ कोटी पौंड एकरकमी वळते करून दिले.)

आता त्याच साहेबांतल्या एकाची गोष्ट ऐका. सर विल्यम वेडरबर्न यांचा जन्म १८३८ चा. सत्तावन्नच्या बंडात त्यांचे थोरले बंधू हिसार येथे मारले गेले. अशा घरातला हा तरुण १८६० साली मुंबई इलाख्यात नोकरीला आला. त्याच्या मनात या देशाविषयी आकस असता तर नवल नव्हते. पण झाले उलटे. १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुप्याला सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे शेतकऱ्यांनी जाळले, आणि ते लोण आसपास पसरले, हे तुम्हांला ठाऊक आहेच. रयत वह्या का जाळते, याचा शोध घेणाऱ्या थोड्या अधिकाऱ्यांत वेडरबर्न होते. पुण्याला जिल्हा न्यायाधीश असताना त्यांनी न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांच्या साथीने पुरंदर तालुक्यासाठी शेतकी पेढीची एक योजना आखली. जुने कर्ज तडजोडीने मिटवायचे आणि पुढे शेतकऱ्याला माफक व्याजाने पैसे द्यायचे. पुण्याच्या भांडवलवाल्यांची पैसे घालायची तयारी होती. लॉर्ड रिपन यांच्या सरकारनेही ती उचलून धरली. पण लंडनच्या कचेरीत ती नामंजूर झाली! सहकारी पतपेढ्यांचा कायदा व्हायला मग १९०४ साल उजाडावे लागले. मधल्या वीस वर्षांत पुरंदरच्या किती जमिनी सावकाराच्या नावावर चढल्या असतील, ते आपण मनात समजावे.

१८८७ साली वेडरबर्न नोकरीतून बाहेर पडले. तेव्हा त्यांचे वय एकोणपन्नास. मुंबई सरकारच्या मुख्य सचिवाच्या जागेवर काम करीत होते. आणखी राहिले असते तर आणखी चढले असते. पारावरच्या आपल्या मित्राच्या न्यायाने हे आपमतलबीपणाचे लक्षणच म्हणायचे: धडधाकट माणूस, हातात अधिकार, आणि निघाला विलायतेला पेन्शन खायला.

दोनच वर्षांनी, १८८९ च्या डिसेंबरात, तेच वेडरबर्न राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष म्हणून मुंबईला परत आले. त्या वर्षी सालाच्या आकड्याइतकेच, म्हणजे १८८९ प्रतिनिधी जमले होते. आपण या देशाच्या लोकांचे मीठ खाल्ले आहे आणि कामाची उरलेली वर्षे त्यांच्याच सेवेत घालवायची आहेत, अशा आशयाचे ते त्या व्यासपीठावरून बोलले. पुष्कळ पाहुणे असे बोलतात. या गृहस्थांनी ते पाळले. लंडनमधल्या काँग्रेसच्या समितीचा गाडा त्यांनी अखेरपर्यंत ओढला, 'इंडिया' हे तिचे पत्र चालू ठेवण्यासाठी खटपट केली, १८९३ ते १९०० पार्लमेंटात बसून हिंदुस्थानची गाऱ्हाणी मांडली. पैसे कमी पडले की स्वतःच्या खिशात हात घालीत. त्या खिशात येणारा पैसा काही अंशी आपल्याच महसुलातला होता, तेव्हा पुरंदरचा रुपया थोडाबहुत पुरंदरच्या कामी आला म्हणायला हरकत नाही. १९१० साली, बहात्तराव्या वर्षी, प्रयागच्या अधिवेशनाचे अध्यक्षपद घेण्यासाठी ते पुन्हा समुद्र ओलांडून आले. १९१८ च्या जानेवारीत त्यांचे देहावसान झाले.

वेडरबर्न यांचे स्नेही गोपाळराव गोखले यांचीही गोष्ट याच जातीची, फक्त आकडे फार लहान. डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद वीस वर्षे अल्प वेतनावर शिकवण्याचे व्रत घेत. महिना पंचाहत्तर रुपये. गोखले १९०२ साली फर्ग्युसन कॉलेजातून निवृत्त झाले ते छत्तिसाव्या वर्षी, महिना तीस रुपये पेन्शनवर. कुठे वर्षाचे हजार पौंड आणि कुठे महिन्याचे तीस रुपये! त्याच साली वरिष्ठ कायदेमंडळात त्यांचे अंदाजपत्रकावरचे पहिले भाषण गाजले, १९०५ साली भारत सेवक समाज निघाला, १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आले. कॉलेजातल्या मुलांचा एक चांगला शिक्षक गेला, हे नुकसान खरेच होते. ते मी नाकारीत नाही. पण तीस रुपयांची ती भाकरी नसती, तर कायदेमंडळात निर्धास्तपणे बोलायला त्यांना किती जड गेले असते!

लवकर निवृत्त होणारा प्रत्येक जण काही गोखले-वेडरबर्न नसतो. गुडघे गेलेला प्राथमिक शिक्षक किंवा खांबावर चढून थकलेला वायरमन वीस वर्षे भरल्यावर घरी बसला, तर त्याने देशसेवेचा ताळेबंद द्यायची गरज नाही. पेन्शन ही मेहेरबानी नाही, केलेल्या सेवेबद्दलचा तो हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी नाकरा यांच्या खटल्यात स्पष्टच सांगितले आहे. मात्र १ नोव्हेंबर २००५ पासून महाराष्ट्रात नोकरीला लागलेल्यांना जुने पेन्शन राहिले नाही. स्वतःच्या आणि सरकारच्या वर्गणीतून साठेल त्यावर भिस्त आली. त्यासाठी मार्च २०२३ मध्ये संप झाला, आणि २०२४ साली केंद्राने व राज्याने सुधारित योजना जाहीर केल्या. म्हणजे तरुण शिक्षकाला लवकर निवृत्तीचा विचार आधी वहीवर हिशेब मांडूनच करावा लागणार.

राहिला पारावरचा औतवाला. त्याला निवृत्तीचे वयच नाही, लवकर कुठून असणार? निराधार वृद्धांसाठी देशभर पेन्शन सुरू झाले ते १५ ऑगस्ट १९९५ ला. तेव्हा केंद्राचा वाटा महिना पंचाहत्तर रुपये होता. आपल्या राज्यात श्रावणबाळ आणि संजय गांधी निराधार या नावांच्या योजना आहेत. त्यांचा अर्ज तहसील कचेरीत द्यावा लागतो. वयाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँकेचे पासबुक, असली कागदपत्रे ज्या म्हातारीने जन्मात कधी हाताळली नाहीत, तिला ती जुळवून द्यायला कुणीतरी लागते. गावात पेन्शनीत निघालेले एखादे गुरुजी असले, तर ती त्यांच्याच ओट्यावर येऊन बसते.