बॉक्सिंग डे : एका मातीच्या पेटीचा इतिहास

१/ २६ डिसेंबरला मेलबर्नच्या मैदानावर सुरू होणारी ‘बॉक्सिंग डे’ कसोटी क्रिकेटरसिकांच्या परिचयाची आहे. या नावाचा मुष्टियुद्धाशी मात्र काहीही संबंध नाही. बहुतेक अभ्यासकांच्या मते ते एका पेटीवरून आले. त्या पेटीत कष्टकऱ्यांची नाताळची बक्षिसी साठत असे.

२/ सतराव्या शतकातील इंग्लंडमध्ये दुकानांत उमेदवारी करणारी मुले मातीची पेटी ठेवीत. तिला केवळ एक फट असे. गिऱ्हाईक तीत नाणे टाकी. नाताळ आला की ती फोडली जाई. आपल्याकडच्या मातीच्या गल्ल्याचेच हे इंग्रज भावंड.

३/ नौदल खात्यातील अधिकारी सॅम्युअल पीप्स याने १९ डिसेंबर १६६३ रोजी रोजनिशीत लिहिले, की जोडे शिवणाऱ्याचा हिशेब चुकता करून त्याने पोरांच्या पेटीत काही टाकले. २८ डिसेंबर १६६८ च्या नोंदीत मात्र तक्रारीचा सूर आहे : या पेट्यांपायी बराच खर्च झाला आणि आणखी होणार.

४/ ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’चा कर्ता जोनाथन स्विफ्ट १७१० च्या नाताळात लंडनमध्ये होता. कॉफीगृहातील नोकरांनी आपला ‘कर’ वाढवल्याचे त्याने पत्रात लिहिले. इतर सारे एकेक क्राऊन, म्हणजे पाच शिलिंग देत होते, म्हणून त्यानेही लाजेखातर तेवढेच दिले. खुशीची देणगी आता सक्तीची झाली होती.

५/ १८४० पर्यंत पत्राचे शुल्क बहुधा पत्र घेणाराच भरी. त्या वर्षी रोलंड हिल यांच्या सुधारणेने एक पेनीचे तिकीट आले आणि अर्ध्या औंसापर्यंतचे पत्र देशात कुठेही त्याच दरात जाऊ लागले. १८४३ मध्ये हेन्री कोल यांनी नाताळचे पहिले व्यापारी शुभेच्छापत्र काढले. पुढे अशा पत्रांचा पूर लोटला आणि त्या ओझ्यासह दारी येणारा पोस्टमनही बक्षिसीचा मानकरी ठरला.

६/ येथेच पेच निर्माण झाला. पोस्टमन कुणा दुकानदाराचा उमेदवार नव्हता, तो सरकारचा नोकर होता. टपालाचा दर गरीब-श्रीमंत सर्वांना सारखा होता, बक्षिसी मात्र वस्ती पाहून मिळे. श्रीमंत गल्लीतील फेरी लाभाची, गरीब गल्लीतील कोरडी, श्रम तेच.

७/ शिवाय, बक्षिसी मिळतेच असे गृहीत धरले, की अपुऱ्या वेतनाकडे डोळेझाक करणे सोपे होते. मग मालकाची जबाबदारी गिऱ्हाइकाच्या दयाबुद्धीवर येऊन पडते.

८/ १८७१ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये २६ डिसेंबर ही बँकांची सुट्टी ठरली. दिवसाला कायद्याचा आधार मिळाला, पेटीतील रक्कम मात्र देणाऱ्याच्या मर्जीवरच राहिली.

९/ अमेरिकेने मर्यादा घातली आहे. तेथील टपालवाहकाला एका प्रसंगी २० डॉलरपर्यंतची भेटवस्तू घेता येते. एकाच व्यक्तीकडून वर्षभरात ५० डॉलरपर्यंत. रोख रक्कम मुळीच घेता येत नाही.

१०/ महाराष्ट्रात हाच व्यवहार ‘दिवाळीची पोस्त’ म्हणून ओळखला जातो. पोस्टमन, सफाई कामगार, पहारेकरी दारी येतात तेव्हा त्यांच्या हातावर ठेवलेली रक्कम कृतज्ञतेची असते, की वर्षभर कमी दिलेल्या मोलाची भरपाई? स्विफ्टच्या क्राऊनपासून हा प्रश्न अनुत्तरितच आहे.