बंदी नाही, फक्त तुम्ही अस्तित्वात नाही

पूर्व जर्मनीत स्टेजवर वाजवायचं तर सरकारी परवाना लागायचा. लाइपझिगच्या 'रेन्फ्ट' या रॉक बँडकडे तो होता. १९७३ आणि १९७४ मध्ये त्यांच्या दोन रेकॉर्डी काढल्या त्याही सरकारी 'अमिगा' कंपनीनेच. मग बिनसलं कुठे? गेरुल्फ पान्नाखच्या शब्दांत. बंदूक हातात घ्यायला नकार देणारे जवान, देशातून पळू पाहणारा छोटा ओटो, अशी माणसं त्याच्या गाण्यांत यायला लागली.

२२ सप्टेंबर १९७५. परवान्यासाठी बँड समितीपुढे गेला. समितीने गाणं ऐकलंच नाही! म्हणे, गाण्यांत कामगारवर्गाचा अपमान आहे, राज्याची बदनामी आहे. बंदी नाही हं, पण यापुढे हा बँड अस्तित्वातच नाही. (बंदी असती तर निदान बंदीच्या यादीत तरी नाव राहिलं असतं.)

बँडचा संस्थापक क्लाउस येंच १९७६ मध्ये पश्चिम बर्लिनला गेला. त्याच वर्षी गायक वोल्फ बिअरमानचं नागरिकत्व काढून घेतल्याचा निषेध झाला, तेव्हा पान्नाख आणि कीबोर्डवाला कुनेर्ट तुरुंगात गेले. ऑगस्ट १९७७ मध्ये तिथूनच त्यांची पश्चिमेला रवानगी झाली.

भिंत पडल्यावर, १९९० मध्ये, रेन्फ्ट पुन्हा स्टेजवर आला.