बंडीचं वंगण आणि बर्फावरची गाडी

परवा रात्री साडेनऊच्या सुमाराला डेन्व्हरहून भाच्याचा फोन आला. तिकडे सकाळ होती. म्हणाला, "मामा, नवी गाडी घ्यायची आहे. हिवाळ्यात मुलांना स्कीइंगला न्यावं लागतं, डोंगरातला रस्ता, सगळा बर्फ. तीन गाड्या मनात आहेत. तुम्हाला काय वाटतं?"

मला हसू आलं. ज्या माणसाने जन्मात बर्फ पाहिला तो फक्त रसवंतीवर, लाकडाच्या भुशात गुंडाळलेला, त्याला हा प्रश्न! पण भाचा अकोल्यात वाढलेला. मोठी खरेदी करण्याआधी मामाच्या कानावर घालायची, ही रीत त्याने तिकडेही सोडलेली नाही. मी म्हटलं, "दोन दिवस दे, विचार करून सांगतो."

विचार करायला बसलो आणि जाणवलं, की हिवाळा, डोंगर, घरची माणसं आणि गाडी हा विषय आपल्याला अगदीच परका नाही.

आमच्या वऱ्हाडात प्रवासाचा मोसम हिवाळाच. कारण काळी जमीन. पावसाळ्यात हा चिखल चाकाला असा धरतो, की रिकामी गाडीसुद्धा बैलांना ओढवत नाही. म्हणून जुन्या काळी इथला कापूस बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून थेट मिर्झापूरपर्यंत जाई. चाकाची वाहतूक वाढली ती पुढे रस्ते आणि आगगाडी आल्यावर. तरी खेड्यातल्या माणसाला दिवाळीनंतर वाटा वाळण्याची वाट पाहावीच लागे. वाटा वाळल्या, कापसाचे पहिले पैसे हातात आले, की घरात बहिरमच्या यात्रेची बोलणी सुरू होत.

बहिरम हे चांदूर बाजार तालुक्यात, परतवाडा ते बैतूल रस्त्यावर, सातपुड्याच्या पायथ्याशी. डिसेंबरच्या वीस तारखेच्या आसपास यात्रा भरते ती जानेवारी संपेपर्यंत. लोक राहुट्या ठोकून मुक्काम करतात. मडक्यात शिजवलेलं हंडीचं मटण आणि गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे, ही तिथली ओळख. पूर्वी तिथे पशुबळी होत, ते गाडगेबाबांच्या प्रयत्नांनी थांबले.

आमचं गाव दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात. विहिरीचं पाणी मचूळ. त्यामुळे डोंगरालगतचं गोड पाणी प्यायला मिळतं, याचंसुद्धा आम्हा पोरांना अप्रूप होतं. गाडीने पुरे दोन दिवस लागत, रात्रीचा मुक्काम अचलपूरला. अकोल्याची मावशी आगगाडीने मूर्तिजापूरला यायची आणि तिथून छोट्या रुळांच्या 'शकुंतले'ने अचलपूरला उतरायची. १९१३ साली सुरू झालेली ही गाडी आता बंद आहे, पण तेव्हा तिची शिट्टी ऐकली की आम्ही स्टेशनकडे पळत सुटायचो. पुढे मावशी आमच्याच गाडीत.

आता गाडी कोणती न्यायची हा दरवर्षीचा वाद! घरात दोन गाड्या होत्या. एक दमणी. हलकी, देखणी, वर छत. तिला गवळाऊ जोडी जुंपली की वाऱ्यासारखी पळे. गवळाऊ ही वर्धा-नागपूरकडची जात, पांढरी आणि पळण्यात नामांकित. दुसरी बंडी, म्हणजे कापूस वाहायची जड गाडी. आम्हा मुलांना अर्थातच दमणी हवी असे. यात्रेत मिरवायला तीच शोभायची.

वडील मात्र बंडीच काढायचे. दमणी दगडाच्या वाटेवर उडते, आजीच्या कंबरेला ते सोसत नाही, आणि मावशीचं सामान आलं की तिच्यात पाय ठेवायला जागा उरत नाही, हे त्यांचं म्हणणं. मग बंडीवर तट्ट्याचं छत बांधायचं, खाली हातभर कुटार पसरायचं, त्यावर गोधड्या. बैलांच्या खुरांना पत्र्या ठोकून घ्यायच्या. सुताराकडून आरे तपासायचे, धाव सैल झाली असेल तर लोहाराकडे चाक न्यायचं. बैलांसाठी सरकी आणि ढेप, दोन कंदील, जास्तीचं नाडं. उतारावर चाकामागे सरकवायला लाकडाचा ओंडका. आणि गाडीखाली टांगलेला वंगणाचा नळा, त्यात एरंडेलात कालवलेलं काळं वंगण. वडील म्हणत, "चढाव बैल पायते, उतार मानसाले पाहा लागते."

हे वाक्य पुढे मला इतिहास शिकवताना कामाला आलं. १८०३ च्या नोव्हेंबरात आपल्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावची लढाई झाली आणि इंग्रजांच्या फौजा गाविलगडाकडे वळल्या. किल्ला दक्षिणेकडून सरळ उभा, म्हणून तोफा उत्तरेच्या बाजूने वर चढवायच्या होत्या. तिकडे वाटच नव्हती. कर्नल स्टीव्हन्सनच्या सैनिकांनी ७ डिसेंबरपासून पुढचे काही दिवस स्वतः रस्ता करत, दऱ्याखोऱ्यांतून जड तोफा बहुतांशी हातांनी ओढून नेल्या. १५ तारखेला किल्ला पडला. वर्गात मी मुलांना विचारायचो, हा किल्ला तोफांनी घेतला की रस्त्याने? अर्धी मुलं तोफा म्हणायची. मला उत्तर हवं असायचं ते रस्त्याचं! लढाईच्या दोन-तीन दिवसांचा इतिहास लिहिला जातो, आधीच्या तयारीला एक ओळ मिळते. तिथून जवळच पुढे १८२३ मध्ये कॅप्टन रॉबिन्सन चिखलदऱ्याला पोचला आणि साहेब लोकांचं थंड हवेचं ठिकाण तयार झालं. असो. विषय बहिरमचा चालला होता.

जानेवारी १९६१. महाराष्ट्र होऊन वर्षही झालं नव्हतं. मी अकरा वर्षांचा, धाकटी बहीण चिमी चारची. यात्रेतला आमचा चौथा दिवस. दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं होतं. वडिलांनी दुपारी मला सांगितलं, "दोनी चाकाले वंगन दे." येताना दोन दिवसांची धूळ आसात गेली होती. चाक थोडं बाहेर काढून, जुनी घाण पुसून नवं वंगण भरायचं, हे काम मला येत होतं. गड्याच्या मदतीने डावं चाक नीट केलं. तेवढ्यात मावशीचा मुलगा आकाशपाळण्याकडे चालला, गडीही पाणी आणायला गेला. मी उजव्या चाकाच्या तोंडाला, दिसेल तेवढ्या जागी, बोटभर काळं फासलं आणि पळालो.

त्याच रात्री चिमीला ताप चढला. छाती भात्यासारखी चालू लागली, श्वास घेताना घुर्र घुर्र आवाज. आजीचे काढे झाले, शेक झाला. बारा वाजता वडिलांनी बैल जुंपले. परतवाडा पाचेक कोस. पुढे वडील, मागे आई, तिच्या मांडीवर चिमी, आणि कंदील धरायला मी.

निम्म्या वाटेत उजवं चाक ओरडायला लागलं. रात्रीच्या शांततेत तो आवाज अजून माझ्या कानात आहे. थोड्या वेळाने जळल्यासारखा वास आला आणि चाक लडबडू लागलं. आस तापून तुंब्यातली लोखंडी नळी सैल झाली होती. वडिलांनी गाडी थांबवली. मला विचारलं, "वंगन देल्लं व्हतं ना?" मी म्हटलं, "हो."

त्यांनी गाडीखाली हात घालून नळा काढला. तो अर्ध्याहून जास्त भरलेला होता. दोन्ही चाकांना दिलं असतं तर तळाला गेला असता. त्यांनी नळ्यात पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. बोलले काहीच नाहीत. ओंडक्यावर गाडी उचलून, चाक काढून, नळीभोवती चिंध्या ठोकून, वंगण भरून गाडी पुन्हा उभी करायला तासभर लागला. तो तास आई चिमीला लुगड्यात गुंडाळून छातीशी धरून बसली होती. गवतावर दव पडत होतं. मी कंदील धरला होता आणि तो हातात थरथरत होता. सगळ्यांना वाटलं, थंडीने.

परतवाड्याच्या डॉक्टरांना पहाटे उठवलं. इंजेक्शनं दिली. दुसऱ्या रात्रीपर्यंत काही सांगता येत नाही म्हणाले. चिमी वाचली. वडिलांनी ती गोष्ट आईला सांगितली नाही, आजीला नाही, पुढे १९९८ साली ते गेले तोवर कोणालाच सांगितली नाही. फक्त त्यानंतर एकदाही त्यांनी मला वंगणाचं काम सांगितलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला कितीदा तरी वाटलं आहे.

पुढे काळ बदलला. बंड्या गेल्या, जीप आल्या, मॅटाडोर आल्या. अमरावतीला नोकरीत असताना १९९५ साली मी जुनी मारुती व्हॅन घेतली, ती मुख्यतः घरच्यांना हिवाळ्यात चिखलदऱ्याला नेता यावं म्हणून. हजार मीटरहून जास्त उंची, जानेवारीत एखाद्या वर्षी गवतावरचं दव गोठतं. वडील तेव्हा ऐंशीच्या पुढचे. त्यांनी रंग पाहिला नाही, सीट पाहिल्या नाहीत. अंगणात बसून विचारलं, "थांबते कशी?" मेकॅनिकने त्यांना घाट उतरण्याची रीत समजावली: चढताना जो गिअर तोच उतरताना, सारखा ब्रेक दाबला तर तो तापतो आणि धरेनासा होतो. वडिलांनी मान डोलावली. ओंडक्याचंच हे नवं रूप होतं ना! त्यानंतर दर सहलीआधी टायर, ब्रेकचं तेल, रेडिएटरचं पाणी, बॅटरी, स्टेपनी हे सगळं मी स्वतः पाहत आलो. घरचे हसायचे. मी काही कारण सांगितलं नाही.

दोन दिवस मी नातवाच्या मदतीने बर्फातल्या गाड्यांची माहिती वाचली. चारही चाकांना ताकद देणारी गाडी बर्फात निघायला आणि चढायला चांगली. पण थांबण्याच्या वेळी तिचा काही विशेष उपयोग नाही. थांबवतात ते टायर. सात अंश सेल्सियसच्या खाली साधं रबर कडक होतं आणि पकड सोडतं, हिवाळी टायरचं रबर मऊ राहतं. कोलोरॅडोत डोंगरातल्या मुख्य महामार्गावर सप्टेंबर ते मे या काळात गाडीला नीट टायर असावेत असा नियमच आहे. थंडीत बॅटरीचा जोर कमी होतो, काच धुवायचं पाणी गोठू नये असं घ्यावं लागतं, गाडीत ब्लँकेट, फावडं आणि खाणं ठेवायला सांगतात. वाचता वाचता आमची बंडीच डोळ्यांसमोर आली.

मी भाच्याला फोन केला. "तिन्हींपैकी कोणतीही घे. फक्त तुझ्या आईला मागे चढता-उतरता येतं का ते आधी पाहा. पैसे उरव आणि चार हिवाळी टायर घे. आणि ते बसवताना स्वतः तिथे उभा राहा."

"एवढंच?" तो म्हणाला.

"एवढंच. आता आईला दे."

कारण त्याची आई म्हणजे आमची चिमी. अडुसष्ट वर्षांची, हिवाळाभर लेकाकडे असते आणि नातवंडं बर्फात घसरत असताना काचेआड बसून विणकाम करते. मी तिला त्या रात्रीचं सगळं सांगितलं. पाळणा, बोटभर काळं, अर्धा भरलेला नळा. चौसष्ट वर्षं लागली मला.

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ती म्हणाली, "मग पाळण्यात तरी बसला होतास का, दादा?"

"नाही गं," मी म्हटलं, "रांग मोठी होती."

ती कितीतरी वेळ हसत होती. मग म्हणाली, "ठेव आता. तो टायरवाल्याकडे निघाला आहे, मी पण जाते सोबत."