पाटे वाढवले, पण भार गेला कुठे?

नागापूरच्या औद्योगिक वसाहतीजवळ थोडा वेळ उभे राहिले, तर मालाने भरलेले ट्रक एकामागून एक जाताना दिसतात. एखादा थांबला की मागच्या चाकाजवळ वाकून पाहावे. आसावर एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची कमान दिसते. गॅरेजात त्यांना पाटे म्हणतात. भार जास्त न्यायचा असला किंवा खडबडीत वाटेसाठी गाडी उंच करायची असली, की पाटे वाढवायचे, असा सोपा हिशेब आपण करतो. तो कितपत खरा आहे?

उत्तराची सुरुवात जवळच सापडते. अहिल्यानगरला १९९४ साली उघडलेल्या रणगाडा संग्रहालयात रोल्स-रॉइसची एक जुनी चिलखती मोटार आहे. १९१४ साली महायुद्ध सुरू झाले, तेव्हा नवी लढाऊ गाडी घडवायला ब्रिटिशांना वेळ नव्हता. म्हणून श्रीमंतांसाठी बनणाऱ्या 'सिल्व्हर घोस्ट' मोटारीच्या सांगाड्यावरच पोलादी पत्रे आणि फिरता बुरूज चढवला गेला. वजन चार टनांच्या घरात गेले. साहजिकच स्प्रिंगा मजबूत कराव्या लागल्या आणि मागे जोडचाके आली.

स्प्रिंग मजबूत होते म्हणजे काय होते? वर्गात करून पाहू या. प्लास्टिकची फूटपट्टी टेबलाच्या कडेवर घट्ट दाबून धरा आणि बाहेरच्या टोकाला छोटे वजन टांगा. किती वाकली ते मोजा. आता तशीच दुसरी पट्टी तिच्यावर ठेवा. वाकणे साधारण निम्मे होते. मात्र दुप्पट जाडीची एकच अखंड पट्टी घेतली, तर ते एक-अष्टमांश होते, कारण ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. मग एकच जाड पाटा का नाही वापरत? कारण तो खड्ड्यात वाकणारच नाही, आणि फार वाकवला तर मोडेल. सुटे पाटे भार पेलतात, वाकतातही. शिवाय एकमेकांवर घासून गाडीचे उसळणे थोडे शमवतात.

पण पाटा ताठ केला म्हणून धक्का नाहीसा होत नाही. तो पुढे सरकतो. १९१८ साली अरबस्तानातील मोहिमेत लॉरेन्स यांच्या ताफ्यातील रोल्स-रॉइस मोटारीला हाच अनुभव आला. दगडाळ वाळवंटात स्प्रिंगला धरणारा आधारच मोडला. लाकडाचे तुकडे ठोकून आणि बांधून ती गाडी पुढे न्यावी लागली. साखळीची एक कडी बळकट केली की ताण शेजारच्या कडीवर येतो: आधारावर, सांगाड्यावर, आसावर.

उंचीचेही असेच. चाकांमधले अंतर १४० सेंमी आणि गुरुत्वमध्य ७० सेंमी उंच असेल, तर स्थिर गाडी ढोबळ हिशेबाने ४५ अंश कलेपर्यंत उलटत नाही. तीच १० सेंमी उचलली की ही मर्यादा ४१ अंशांवर येते. वळणावर, वेगात, स्प्रिंगा एका बाजूला दबल्यावर ती आणखी घटते. उंच गाडी खड्ड्यातून सहज निघते, पण वळणावर त्याची किंमत मोजते. ती किंमत आत बसलेली माणसे देतात.

म्हणूनच बदल केलेली गाडी तपासून पाहावी लागते. १९२९ साली रावळपिंडीजवळ चकलाला येथे सुरू झालेली सैनिकी वाहनांची तपासणी संस्था फाळणीनंतर नगरला आली. आज वाहननगर येथे ती वाहन संशोधन व विकास संस्था म्हणून काम करते. तिथल्या चाचणी-मार्गांवर सुटा पाटा नव्हे, सबंध गाडी तपासली जाते.

पुढच्या वेळी रस्त्यावर उंच केलेली गाडी दिसली, तर विद्यार्थ्यांना एवढेच विचारावे: पाटे वाढवले, मग आता भार कोण सोसतो आहे?