टीकाकार कोण?

'टीकाकार' म्हटलें कीं आज दोष काढणारा गृहस्थच डोळ्यांपुढें येतो. परंतु हा अर्थ मागाहून आलेला. संस्कृतांत टीका म्हणजे विवरण: कठिण पद फोडावें, अन्वय लावावा, अभिप्राय उकलावा. शके १२१२ मधील 'भावार्थदीपिका', म्हणजे आपली ज्ञानेश्वरी, ही गीतेवरील टीकाच होय. ज्ञानेश्वरांस टीकाकार म्हणतांना त्यांत कांहीं कमीपणा आहे असें कोणास वाटत नाहीं!

इंग्रजींतील 'कॉमेंटेटर' या शब्दाची कुळकथाही बोधप्रद आहे. तो मूळचा लॅटिन. ज्या क्रियापदापासून तो निघाला, त्याचा अर्थ मनांत घोळविणें, चिंतन करणें. परंतु त्याच कुळांतला 'कॉमेंटम' हा शब्द रचलेल्या, कपोलकल्पित गोष्टीसही लावीत. पुढें मध्ययुगीन युरोपांत नुसतें 'कॉमेंटेटर' म्हटलें कीं ॲरिस्टॉटलचा भाष्यकार इब्न रुश्द (११२६–११९८) समजत, एवढा त्या पदवीचा मान वाढला.

चिंतन आणि कल्पित हीं एकाच घरचीं भावंडें आहेत, आणि टीकाकाराला खरा धोका आहे तो येथेंच. कालिदासाचा टीकाकार मल्लिनाथ हा धोका ओळखून होता. म्हणूनच 'रघुवंशा'वरील 'संजीवनी' टीकेच्या आरंभीं निराधार कांहीं न लिहिण्याची प्रतिज्ञा त्यानें केली. दोष दाखविण्यास आमची हरकत नाहीं. मात्र मूळ ग्रंथ समजून घेण्याचे कष्ट आधीं करावे. ते न करितां केलेल्या टीकेस आम्ही 'कॉमेंटम'च म्हणूं.