वनभोजनांतली गार कोशिंबीर

चैत्रांत ताम्हिणीच्या झाडींत वनभोजनास गेलांत, तर कोशिंबीर अवश्य करा. तिच्यांत इतिहास आहे. काकडी मूळची आपली. मिरची व भुईमूग अमेरिकेचे, पोर्तुगीज आल्यानंतर इकडे रुळलेले. १८३३ सालीं अमेरिकेचा बर्फही जहाजानें कलकत्त्यास उतरला, पुढें मुंबईसही येऊं लागला. मात्र रानांत गारव्यासाठीं त्याची वाट पाहावी लागत नाहीं. दह्याचें मडकें ओल्या फडक्यांत गुंडाळून सावलींत, वाऱ्यावर ठेवावें. पाण्याची वाफ होतांना आंतली उष्णता निघून जाते. मग चोचविलेली काकडी, दाण्याचें कूट व मिरची त्यांत कालवावी. मीठ मात्र वाढतांनाच घालावें. नाहीं तर पाणी सुटतें. परक्या मुलखाचे जिन्नस आपण आपलेसे केले. गारवा मात्र कुंभारानें पूर्वींच देऊन ठेवला होता.