नक्कल आणि रुजवात : शाहूवाडीतल्या सीड्यांचा इतिहास

मुस्लिम समाजाचा स्थानिक इतिहास म्हटलं की फर्मानं, सनदा, इनामपत्रं आठवतात. पण ते कागद दर्ग्यांचे, काझींचे, वतनदारांचे. सामान्य घराकडं असा कागद नव्हता. त्या घरातले चलतेबोलते चेहरे नोंदले गेले ते आधी व्हिडिओ कॅसेटवर आणि 2000 नंतर सीडी-डीव्हीडीवर. शाहूवाडी तालुक्यात मलकापूर, बांबवडे, आंबा या भागातल्या काही घरांतल्या अशा सीड्या मी हार्ड डिस्कवर उतरवून घेतोय. निकाह, वलीमा, विशाळगडावर हजरत मलिक रेहान यांच्या उरुसातली कव्वाली, गावातलं एखादं बयान, असा हा ऐवज आहे. त्यातल्या बऱ्याच सीड्या आता चालत नाहीत.

घरचे म्हणतात, "पावसानं खराब झाली." सह्याद्रीच्या या पट्ट्यात चार महिने भिंतीला ओल असते, त्यामुळं ते खोटं नाही. पण ते अर्धंच खरं आहे. यातल्या अनेक सीड्या राईट झाल्या त्याच दिवशी कच्च्या होत्या.

बाजारातली सिनेमाची सीडी साच्यातून छापलेली असते. घरची सीडी तशी नसते. तिच्यात रंगद्रव्याचा पातळ थर असतो, लेझरच्या उष्णतेनं त्यावर खुणा उमटतात. जपानच्या तायो युदेन कंपनीनं 1988 मध्ये अशी सीडी विकसित केली. भारतात ग्रेटर नोएडाची मोझर बेअर ही अशा कोऱ्या सीड्या बनवणारी जगातली एक मोठी कंपनी झाली. 2018 मध्ये तिच्या अवसायनाचा आदेश निघाला. म्हणजे एक तंत्र आलं, घराघरात शिरलं आणि तीसेक वर्षांत मावळलंही. मागं राहिल्या त्या सीड्या.

कच्ची सीडी पहिल्या दिवशी चालली कशी? त्याचं उत्तर 1960 सालच्या एका गणितात आहे. आयर्विंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन यांनी चुका दुरुस्त करणारी संकेतपद्धती मांडली, तीच पुढं सीडीत वापरली गेली. सीडी वाचताना बारीक चुका यंत्र गुपचूप सुधारून घेतं, पडद्यावर काही दिसत नाही. पण या दुरुस्तीला मर्यादा आहे. नीट राईट झालेल्या सीडीकडं ही शिल्लक भरपूर असते. घाईत झालेली सीडी ती पहिल्याच दिवशी खर्चून बसते. मग एखादा ओरखडा, थोडं ऊन, थोडी ओल पुरते.

दोष कुठं झाला हे लक्षणांवरून बरंचसं ओळखता येतं. कॉम्प्युटरवर दिसते पण टीव्हीच्या प्लेअरवर नाही, अशी सीडी बहुधा शेवटी बंद केलेली नसते, म्हणजे 'फायनलाइज' राहिलेली असते. सुरुवात स्वच्छ आणि शेवटी चित्राचे चौकोन पडतात, तेव्हा संशय वेगावर. सीडी आतून बाहेर लिहिली जाते. 52 एक्सवर राईट करताना बाहेरच्या कडेला वेग सर्वाधिक असतो आणि रंगाचा थरही तिथंच कमीजास्त असण्याचा संभव. अगदी हळू लिहिणंही दरवेळी चांगलं नसतं, मधला वेग बरा. सीडीच्या नाव लिहायच्या बाजूला चकाकणारा थर अगदी वर असतो, त्यावर बॉलपेन दाबून लिहिलं तर तो दुखावतो. डीव्हीडीत तो दोन थरांच्या मध्ये सुरक्षित असतो.

आता भरलेल्या लग्नाच्या सीडीत कडेला काय असतं? शेवटचा प्रसंग, रुखसती. मी पाहिलेल्या कितीतरी सीड्यांत निकाह दिसतो, जेवणावळ दिसते आणि मुलगी अम्मीच्या गळ्यात पडते तिथंच चित्र थिजतं. काही घरांत त्या अम्मीचा चालताबोलता चेहरा दुसरीकडं कुठंच नाही.

हे टाळता आलं असतं. सीडी राईट करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये लिहून झाल्यावर मूळ फाईलशी ताडून पाहण्याची सोय असते. तिला वेळ लागतो, म्हणून लग्नसराईच्या गर्दीत ती सहसा वगळली जाई. आपल्या परंपरेला मात्र ही गोष्ट नवी नाही. हदीसच्या अभ्यासकांत नक्कल उतरवून झाली की मूळ प्रतीशी ताडून पाहायची शिस्त होती, तिला 'मुकाबला' म्हणत. कुठवर ताडून झालं याची खूण समासात करत. मुकाबला न झालेल्या प्रतीवर जाणकार विसंबत नसत. आपल्या कचेऱ्यांतही नकलेवर 'नक्कल करणार' आणि 'रुजवात घेणार' अशा दोन सह्या असतात. रुजू हा शब्दही अरबीतूनच मराठीत आला. कातिबानं पाळलेली आणि कारकुनानं पाळलेली ही शिस्त सीडीच्या काळात सुटली.

म्हणून घरात पिशवी असेल तर या पावसाळ्याची वाट पाहू नका. मऊ कापडानं मधून कडेकडं सरळ पुसा, गोल नको. एका ड्राइव्हवर चालली नाही तर दुसऱ्यावर लावा. एकाला न वाचता आलेली सीडी दुसरा वाचतो, हा माझा नेहमीचा अनुभव आहे. वाचण्याचा वेग कमी ठेवा, अडलेला भाग पुन्हा पुन्हा वाचणारं सॉफ्टवेअर वापरा. उतरवलेली फाईल शेवटपर्यंत पाहा, तीच रुजवात. दोन प्रती दोन घरांत ठेवा. आणि चित्रात कोण आहे, गाव कोणतं, साल कोणतं, हे सांगणारी माणसं आहेत तोवर लिहून घ्या. नावं नसलेली चित्रं आपल्या नातवंडांना परकीच वाटतील.